गाडीत बोलू

माझा डावा गुडघा संपावर गेला तो चांदणी चौकात, ऐन सकाळी, पुढे सिमेंटचा मिक्सर आणि मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग असताना. क्लच दाबला आणि गुडघ्यातून अशी कळ निघाली की मी "आई गं!" म्हणून ओरडलो. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी शेजारच्या रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं.

शेजारी बायको बसली होती. डबा मांडीवर, पर्स डब्यावर, नजर समोर.

"आईंना कशाला बोलावताय?" ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला चालायला शिकवलं होतं. गाडी तुमची तुम्ही घेतलीत."

आमचे कोथरूडचे हाडांचे डॉक्टर शब्द जपून वापरतात. त्यांनी गुडघा हलवून पाहिला, एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "रोज किती गाडी चालवता?"

"चालवत नाही हो. नुसता बसतो. क्लच दाबतो, सोडतो, परत दाबतो. कोथरूड ते हिंजवडी."

"मग बसायचंच आहे तर बसमध्ये बसा," ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

आता आमची मंडळी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी हिंजवडीच्या एका कंपनीत माहितीपुस्तकं लिहितो. कुठलं बटण दाबलं की सॉफ्टवेअर काय करतं हे मी लिहितो आणि बटणं दाबणारे ते वाचत नाहीत. दोन्ही बाजूंना याची सवय आहे. बायको एका बँकेच्या बाणेर शाखेत. बाणेर माझ्या वाटेवर, म्हणून गेली कित्येक वर्षं मी तिला सकाळी सोडून पुढे जायचो. संध्याकाळी ती माझ्या आधी सुटते, आपली आपण घरी येते. एकच मुलगी, ती नोकरीला बंगळुरूला. आणि घरात माझे वडील. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पण कान पंचविशीतले. ते टीव्ही मोठ्याने लावतात, त्यामुळे लोकांना वाटतं त्यांना ऐकू येत नाही. लोकांना तसं वाटावं म्हणूनच ते टीव्ही मोठ्याने लावतात.

आपण स्वयंपाकघरात ओठातल्या ओठात बोलावं, "फ्रिज बदलूया का?" की हॉलमधून आवाज येतो, "काही गरज नाही!"

म्हणून आमच्या घरात एक रीत पडली होती. काही खाजगी निघालं की आमच्यापैकी एक जण म्हणायचं, "गाडीत बोलू." मग सकाळी काचा वर, एसी सुरू, चांदणी चौकात गाडी थांबली की विषय सुरू. मुलीने कुठल्या शाखेला जावं, मेव्हण्याला काय उत्तर द्यावं, फरशी पांढरी की पिवळी, सगळं तिथे ठरलं. आई आजारी होती तेव्हा रडायचं तेही आम्ही गाडीतच रडलो. बाणेर आलं की ती पर्समधला रुमाल काढून डोळे पुसायची, आरशात पाहून टिकली सरळ करायची आणि उतरायची. दोन खोल्यांच्या आमच्या घराला चार चाकांची तिसरी खोली होती म्हणा ना. आमच्या पिढीतले बरेच जण स्कूटरवरून उठून थेट गाडीत बसले. नोकऱ्या वाढल्या, पगार वाढले, हिंजवडीचा ऊस गेला आणि काचेच्या इमारती आल्या. बाकीच्यांनी त्या गाड्या घेऊन महाबळेश्वर पाहिलं. आम्ही चांदणी चौक पाहिला.

गुडघा गेला त्या दिवशीही असंच चाललं होतं. घरातून निघताना बायको म्हणाली होती, "एक बोलायचंय. गाडीत बोलू." चौकात गाडी अडकली तशी तिने सुरुवात केली.

"काल साहेबांनी बोलावलं होतं. प्रमोशनचं परत विचारतायत."

"बरं."

"या वेळी अकोला."

आणि मी क्लच दाबला.

झालं. आमचं संभाषण 'अकोला' या शब्दावर उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली. बँकेत बढती घ्यायची तर बदली घ्यावी लागते. यापूर्वी दोनदा तिला विचारलं होतं. पहिल्यांदा लातूर होतं आणि मुलगी दहावीत होती. दुसऱ्यांदा जळगाव होतं आणि आई अंथरुणात होती. दोन्ही वेळा 'नाही' असं गाडीतच ठरलं, बाणेर यायच्या आत. आता हे तिसरं, आणि तिच्या वयाकडे पाहता शेवटचं. महिनाअखेरच्या शुक्रवारी हो किंवा नाही सांगायचं होतं. मुलगी दहावीत नव्हती. आई नव्हती. राहिलो होतो मी, वडील आणि एक गुडघा.

तुम्ही म्हणाल, तिने गाडी चालवायची. ती शिकली होती. शेजारी बसून मी शिकवल्यामुळे विसरलीसुद्धा.

तर बस. कोथरूड डेपोतून आमची बस सुटते, त्यामुळे जागा मिळते. पहिल्या दिवशी मी अगदी उत्साहात होतो. मनात चित्र असं की ती खिडकीशी, मी शेजारी, आणि बस हलली की आपण 'अकोला' पासून पुढे सुरू करायचं. ती डावीकडच्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. पाय सैल सोडले. क्लच नाही, ब्रेक नाही, आहाहा. तेवढ्यात कंडक्टर आले. मुळशीकडचे, भरदार मिशा, आवाज लग्नातल्या बँडसारखा.

"ओ साहेब, ती बाजू बायांची हाय."

"अहो, ही माझी बायको आहे."

"आसंल की. घरी बसा शेजारी. हितं तिकडं."

मी उजवीकडे गेलो. दुसऱ्या दिवशी मी शक्कल लढवली. मी आधीच उजवीकडे बसलो आणि तिला माझ्या शेजारी बोलावलं. ती बसतेय न बसतेय तोच पिशवी घेऊन उभे असलेले एक गृहस्थ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ताई, तिकडे आपल्या जागा रिकाम्या आहेत. आम्हाला तिकडे बसता येत नाही. आम्ही आता ड्रायव्हरच्या मांडीवर बसायचं का?"

ती उठून डावीकडे गेली ती गेलीच. आमच्यामध्ये बसमधली वाट आली, आणि त्या वाटेत माणसं उभी राहिली. कोपरं, पाठीवरच्या सॅक, छत्र्या. चांदणी चौक येईपर्यंत मला तिच्या साडीचा काठही दिसेना.

आणि मग मला झोप लागली.

ही झोप काय होती ते मला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. वर्षानुवर्षं सकाळी डोळे फाडून पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत आलेला माणूस मी. बसमध्ये बसलो, माझ्यावर कसलीही जबाबदारी नाही हे अंगाला कळलं, आणि अंगाने काही विचारलं नाही. मान पडली. तोंड उघडं पडलं असणार. त्या झोपेत मला स्वप्नसुद्धा पडलं नाही, इतका मी दमलो होतो. हिंजवडीला शेजारच्या तरुणाने मला हलवलं, "काका, उतरायचं नाही का?" तेव्हा मला क्षणभर कुठल्या गावात आहोत ते आठवेना. बाणेर कधी गेलं, बायको कधी उतरली, काही पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ठरवून जागा राहायचो, डेपोतून बाहेर पडेपर्यंत.

हा शेजारचा तरुण कुठल्याशा कंपनीत लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करायचा. बोलण्यावरून पुण्याचा नव्हता. मी विचारलं, "गाव कुठलं?"

"अकोला, काका."

मी त्या बाकावर सरळ बसलो. देवाने माहितीपुस्तक पाठवलं होतं!

"उन्हाळा कसा असतो हो तुमच्याकडे?" मी अगदी सहज, खिडकीबाहेर बघत विचारलं.

"उन्हाळ्याचं नका विचारू, बाप्पा. मे महिन्यात आमच्याकडे सावलीलाही घाम येते. पण कूलर असला म्हणजे निभते."

"पाणी?"

"येते ना. कधी येते ते विचारू नका."

"लोक?"

"लोकं चांगली हायेत. तुम्ही काऊन विचारून राहिले? बदली झाली का?"

"छे छे," मी म्हणालो. "सामान्यज्ञान."

असा मी अकोल्याचा अभ्यास करत होतो, पण ज्या माणसाशी बोलायचं त्याच्याशी बोलणं होत नव्हतं. बसस्टॉपपर्यंत चालताना बोलावं, तर ती भरभर चालते आणि मी लंगडत मागे. सगळं बोलणं तिच्या पाठीशी. रात्री जेवणं झाली की दोघंही असे पडायचो की दिवा कुणी बंद करायचा यावर बोलायलाही त्राण नसायचं. स्वयंपाकघरात एकदा मी हळूच म्हणालो, "ते अकोल्याचं—" आणि हॉलमध्ये टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. आम्ही दोघांनी कोथिंबिरीकडे पाहिलं.

शेवटी रविवारी संध्याकाळी मला कल्पना सुचली. गाडी चालवायची नाही असं डॉक्टर म्हणाले होते. गाडीत बसायचं नाही असं कुठे म्हणाले होते?

"चल," मी तिला म्हणालो. "खाली गाडीत बसून बोलू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले आणि चपला घातल्या.

गाडीचं कव्हर आधीच अर्धं दुमडलेलं होतं. गाडी उभी राहिल्यापासून वडील रोज दुपारी पेपर घेऊन तिच्यात जाऊन बसत. घरापेक्षा तिथे शांतता असते, असं त्यांचं म्हणणं. तेवढी शांतता घरात कुणामुळे नसते हे त्यांना विचारायची सोय नव्हती. मी त्यांचा चष्मा आणि शब्दकोडं मागच्या सीटवर ठेवलं. आम्ही आपापल्या जागी बसलो. तिने दार लावलं, पर्स मांडीवर घेतली आणि सीटबेल्ट लावला.

"हा कशाला?"

"सवय," ती म्हणाली, पण काढला नाही.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर पार्किंगची भिंत. भिंतीवर सोसायटीची पाटी: 'येथे गाडी धुऊ नये. पाणी खडकवासल्याहून येते, तुमच्या नळातून नाही.' आम्ही ती पाटी वाचली. परत वाचली.

"बोला," ती म्हणाली.

"तू बोल. तुझा विषय आहे."

"विषय माझा, पण बोलायला तुम्ही आणलंत."

एवढं बोलून दोघंही गप्प. काय गंमत आहे पाहा. त्याच सीटा, तीच माणसं, तोच डॅशबोर्डवरचा गणपती. पण समोरची भिंत हलत नव्हती. गाडी चालू असली की तोंड समोर ठेवता येतं, मधेच "हा बघ कसा घुसतोय" म्हणता येतं, अवघड वाक्य सिग्नलवर सोडून देता येतं. इथे अवघड वाक्य सोडायचं कुठे?

काचेवर टकटक झाली. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात दुधाची पिशवी.

"काही प्रॉब्लेम?"

"नाही, बसलोय."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग काच तरी उघडा. गुदमराल आणि मीटिंग मला बोलवावी लागेल."

ते गेले आणि वॉचमन आला. "साहेब, बॅटरी गेली का? धक्का मारू?"

त्यावर बायको हसायला लागली. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. हसताना गुडघा दुखला. तिने सीटबेल्ट काढला.

"चला वर. कुकर लावायचाय."

रात्रीपर्यंत बिल्डिंगमध्ये झालं होतं की आमचं कडाक्याचं भांडण झालं. जेवताना वडील वरणात बघत म्हणाले, "तुम्हाला भांडायचं असेल तर मला सांगत जा. मी गच्चीवर जाऊन बसेन. गाडीत काय बसताय, मला संकोच वाटतो."

आणि शुक्रवार पाच दिवसांवर आला.

बुधवारी बस बावधनपाशी अशी उभी राहिली की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. इंजिनाची घरघर थांबली आणि त्यामुळे मी जागा झालो. डोळे उघडले नाहीत. झोपेतून उठण्याची घाई असायला मी काही गाडी चालवत नव्हतो. उभी माणसं बरीच कमी होती, आणि डावीकडून आवाज येत होता. कडक, खणखणीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. या बालेवाडीच्या एका शाळेतल्या बाई. बायकोच्या पुढच्या बाकावर रोज बसायच्या.

"गाद्या इथून नेऊ नकोस," बाई सांगत होत्या. "कापसाचा मुलूख आहे तो. तिकडेच करून घे."

"आणि काकू, कूलर मस्ट आहे हां," एक कोवळा आवाज म्हणाला. ही हिंजवडीला जाणारी एक मुलगी, कायम कानात वायर घातलेली. आज वायर काढलेली असावी.

 डावी बाजू अकोल्याला पोचली होती! लातूर, जळगाव, सगळं त्यांना माहीत असणार. आमची तिसरी खोली वाटेच्या पलीकडे थाटात सुरू होती आणि मी उजवीकडे तोंड उघडं टाकून झोपलो होतो.

"ह्यांना सांगितलंस का पण हे सगळं?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून," बायकोचा आवाज. "झोपलेत."

"पंधरा दिवस झोपलेत?"

मुलगी फिसकन हसली. बायको हसली नाही.

"मी त्यांना असं झोपलेलं किती वर्षांत पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "घरी झोपतात तेसुद्धा कपाळाला आठी घालून. इथे बघा कसे झोपलेत. उठवावंसं वाटत नाही."

"म्हणून सांगायचं नाही?"

"सांगितलं की जागे होतील. मग परत रात्री गुडघ्याला शेक, बाबांचं काय, डब्याचं काय, हिशेब सुरू. गाडीत असतो तर एव्हाना नाही म्हणून मोकळे झालो असतो. तिथे पोचायची घाई असते."

"आणि तुला काय वाटतंय?"

 ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. मी डोळे मिटूनच राहिलो. बाणेरला ती उतरताना माझ्याजवळून गेली. माझी घसरलेली बॅग तिने उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मी एक बारीकसं घोरलो. कॉलेजातल्या नाटकाच्या हौसेचा इतका उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

गुरुवारी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. काय बोलावं हे दिवसभर ठरवत होतो. तिने जावं असं मला वाटत होतं का? खरं सांगायचं तर मला काहीच वाटण्याइतकी शक्ती नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून परतताना उभ्याने आलो. घरी आलो तर ती शुक्रवारची साडी इस्त्री करत होती. राखाडी, बारीक काठाची. ही साडी ती मोठ्या साहेबांसमोर जायचं असलं की नेसते. मी तिच्याकडे बघत दारात उभा राहिलो. ती काठावरून इस्त्री फिरवत होती, परत परत, काठ केव्हाच सरळ झाला होता तरी.

शुक्रवारी मी बसमध्ये झोपलो नाही. डेपोतच शेजारच्या तरुणाने विचारलं, "काका, आज तब्येत ठीक नाही का?"

चांदणी चौकात बस अडकली. अडकणारच होती. मी वाट पाहत होतो. मग मी घसा साफ केला आणि शेजारच्या तरुणाला, पण संपूर्ण बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काय हो, तुमच्या अकोल्याला एका बाईमाणसाला राहायला बरी जागा मिळेल का?"

"मिळते ना. कोणासाठी, काका?"

"माझ्या बायकोसाठी. तिला बढती मिळतेय."

उजवी बाजू माझ्याकडे वळली. वाटेतली माणसं बाजूला सरकली. नाटकात पडदा उघडतो तशी मला समोर बायको दिसली. राखाडी साडी, मांडीवर डबा. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. बाईंनीच आधी तोंड उघडलं.

"जागे झाले वाटतं."

"जागेची काळजी करू नका काका," कानात वायरवाली मुलगी म्हणाली, "रूम डन आहे."

"माझी नणंद असते तिथे," बाई म्हणाल्या. "वरचा मजला रिकामा आहे. गॅस आहे. गादी तिकडेच करायची ठरलंय."

माझा एवढा मोठा प्रवेश, आणि नेपथ्य आधीच लागलेलं. मी मोठ्या मनाने जे द्यायला उभा राहिलो होतो ते डाव्या बाजूने केव्हाच बांधून ठेवलं होतं.

"तिकीट घ्या आदी," मागून कंडक्टर म्हणाले. "मंग जावा अकोल्याला."

सगळे हसले. बायको हसली नाही. ती थोडी पुढे वाकली.

"मी हो म्हटलेलं नाहीये अजून," ती म्हणाली. "बाबांचं काय? गुडघ्याचं काय? डबा?"

"डबा मी करीन."

डाव्या बाजूने एक मोठा सामुदायिक श्वास घेतला.

"काय येतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"भात."

"आणि?"

"भाताबरोबर दही विकत मिळतं."

या वेळी बायकोच्या तोंडाचा कोपरा हलला. पण लगेच ती परत गंभीर झाली आणि आवाज अगदी खाली आणून, जणू आजूबाजूला कुणी नाहीच, म्हणाली, "तुम्ही दमता हो."

 मिक्सर कुठेतरी गरगरत होता. मला वाटतं, आमच्या इतक्या वर्षांच्या चांदणी चौकात हे वाक्य कधी आलं नव्हतं. तिकडे आम्ही कारणं बोलायचो. दहावी, आजारपण, फरशी.

"दमतो," मी म्हणालो. "तू इथे असलीस तरी दमतो. माझ्या दमण्यापायी तू थांबलीस ना, तर तेही ओझं मलाच वाहावं लागेल. तेवढं नको. आता उचलवत नाही."

 मग ती मागे टेकली. पदर सारखा केला. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. बस चालू झाली आणि माणसं परत वाटेत पसरली.

बाणेरला उतरताना ती दाराशी थांबली. मागून लोक "पुढे चला, पुढे चला" करत होते.

"बाबांना तुम्ही सांगा," ती वळून म्हणाली. "मी साहेबांना सांगते."

आणि खाली उतरून रस्ता ओलांडून गेली. भरभर. मागे वळून पाहण्याची तिला सवय नाही. त्या दिवशीही पाहिलं नाही.

वडिलांना मी संध्याकाळी सांगायला बसलो. टीव्हीचा आवाज कमी केला, प्रस्तावना केली. ते म्हणाले, "अकोला ना? कोथिंबीर निवडत होतात त्याच दिवशी कळलं मला. तिला दोन पातळ चादरी दे. जाड चालणार नाहीत तिकडे."

गुडघा आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले, हवी तर चालवा गाडी. मी चालवत नाही. गाडी वडिलांना लागते, त्यांनी तिच्यात एक उशीही नेऊन ठेवली आहे. मी बसनेच जातो. सकाळी उठायचं, भात लावायचा, वडिलांना गोळ्या द्यायच्या, डब्यात भात भरायचा आणि तो झाकताना आपल्याच डब्याची कीव करायची. डेपोत पोचेपर्यंत मी निम्मा संपलेला असतो. ती महिन्यातून एकदा येते, घरातलं सगळं जागच्या जागी लावते, आणि जाते. तिच्या आवाजात आता एक वेगळा करकरीतपणा आला आहे. शाखेतली माणसं तिला मॅडम म्हणतात. मीही एकदा म्हणून पाहिलं. तिला आवडलं.

बोलायची वेळ मात्र आम्ही तीच ठेवली आहे. ती अकोल्यात सकाळी रिक्षाने बँकेत जाते तेव्हा मी चांदणी चौकात असतो. ती फोन करते. पहिल्या दिवशी मी तोंडावर हात धरून कुजबुजत होतो, तर वाटेच्या पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, आम्हाला पण ऐकू द्या. स्पीकरवर टाका." तेव्हापासून फोन स्पीकरवर असतो. गादीचा कापूस गोळा होतो का, बाईंची नणंद त्रास देते का, शाखेतला शिपाई ऐकतो का, हे सगळं डावी बाजू विचारते. अकोल्याच्या रस्त्यांबद्दल बायको तक्रार करू लागली की माझ्या शेजारचा तरुण गावाची बाजू घेतो. मी फोन धरायचं काम करतो.

परवा ती काहीतरी लांबलचक सांगत होती. कुठल्याशा शेतकऱ्याचं खातं, कुठल्याशा साहेबांचा फोन. रिक्षाची फटफट तिच्या आवाजात मिसळत होती. बस हलत नव्हती. ऊन काचेवरून माझ्या मानेवर आलं होतं आणि माझी मान हळूहळू खाली जाऊ लागली. हातातला फोन कुणीतरी अलगद काढून घेतला.

"अहो? ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला.

"झोपलेत," बाई म्हणाल्या. "बोल तू."

"झोपू देत," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.

मी अजून पुरता झोपलो नव्हतो. पण डोळे उघडले नाहीत.